ताबा, सातबारा आणि एस.टी.चं अर्धं तिकीट

एस.टी.त पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानंही रेघ पाचावरच ओढली: पाच वर्षं पुरी न झालेलं मूल सामान्यतः आईपाशी असावं. महामंडळानं आणि संसदेनं एकमेकांना विचारून हे ठरवलेलं नसणार. पण सातारा-सांगलीकडे या रेघेचा एक भलताच अर्थ लावला जातो. पोराला पाचवं सरलं की ते आपोआप बापाच्या खात्यावर जमा होतं, असं समजून सासरची मंडळी वकिलाची पायरी चढतात. त्याच कायद्याचं तेरावं कलम मात्र सरळ सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर. बापाचा हक्क आणि आईची माया दोन्ही त्याखाली.

घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. ‘ताबा’ हा शब्द आपण जमिनीवरून उचलला. सातबाऱ्यावर नाव कुणाचं आणि कसतंय कोण, यावर तीन-तीन पिढ्या भांडणारा हा मुलूख. मूल कोर्टात आलं की त्याचीही वहिवाट सिद्ध करायला निघतो. ‘आमच्या घराण्याचा दिवा’, ‘आमच्या रक्ताचं’ ही भाषा वाटणीपत्राची आहे. मूल ही मालमत्ता नाही आणि आईबापांचं खेळणंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1973 मध्येच बजावलं. गंमत अशी की आईच्या पालकत्वाची वाट मोकळी करणारा 1970 चा एक निकाल जमिनीच्याच भांडणातून आला. विदर्भातलं कुळाचं प्रकरण. बाप हयात, पण वर्षानुवर्षं वेगळा राहणारा आणि मुलीच्या कारभारात लक्ष न घालणारा. तेव्हा आईच नैसर्गिक पालक, असं न्यायालयानं मानलं. पुढे 1999 मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात ‘बापानंतर आई’ या शब्दांचा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ एवढाच नाही, हेही ठरलं. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बंधनकारक झालं आहे. कागद बदलायला एवढा काळ लागला. बैठकीतली भाषा अजून बदलायची आहे.

सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतली भांडणं पुण्या-मुंबईसारखी नसतात. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरली आहेत. जावळी, पाटण, माण-खटावचे माथाडी मुंबईत, अपशिंगेसारख्या गावांतले जवान सीमेवर. नवरा परराज्यात, बायको भांडून माहेरी, पोरगं आजीच्या पदराला. अशा वेळी पहिला प्रश्न हिताचा नसतोच, कोर्ट कुठलं हा असतो. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचं नववं कलम म्हणतं, मूल सामान्यतः जिथं राहतं तिथलं. मग ‘सामान्यतः’वर वाद. ‘सुट्टीला आलं होतं, परत पाठवलं नाही’ असं एक बाजू सांगते. ‘दोन वर्षं इथल्याच शाळेत आहे’ असं दुसरी. हा वाद मिटेतो पोराची एक इयत्ता पुढं सरकलेली असते.

ज्या बायकांना नांदवलंच नाही त्यांचा प्रश्न या भागात कोर्टाच्या कितीतरी आधी चळवळीनं उचलला. कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं ऐंशीच्या दशकात परित्यक्तांना संघटित केलं. ताब्याशी याचा संबंध सरळ आहे: मुलाचं हित म्हणजे आईच्या डोक्यावरचं छप्पर आणि हातातलं रेशनकार्डही असतं. ताब्याच्या अर्जात ही गोष्ट बहुतेकदा ‘उत्पन्नाचं साधन नाही’ एवढ्या एका ओळीत, तीही आईच्या विरोधात येते. पोटगी थकवायची आणि वर ‘ती पोराला सांभाळू शकत नाही’ म्हणायचं, यासारखा निगरगट्टपणा दुसरा नाही.

शाळेचा दाखला हे आणखी एक हत्यार. दाखला मिळू द्यायचा नाही, म्हणजे नव्या गावात प्रवेश अडतो, अशी समजूत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानं ती मोडीत काढली आहे: दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते. पहिल्या भेटीतच वकिलानं आईच्या हातात हे कलम लिहून द्यावं.

आणि मूल काय म्हणतं? पुरेशी समज असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते, असं 1890 चाच कायदा सांगतो. वय त्यानं लिहिलेलं नाही. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये बोलतात. 1984 च्या कायद्यानं आलेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशकही असतात. जिथं असं न्यायालय नाही तिथं ताब्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात चालतो. अडचण अशी की आत जायच्या आधी बाहेरच्या बाकावर आत्या, मामा, आजोबा सगळे त्याला एकच प्रश्न विचारून झालेले असतात: ‘पप्पा पायजेत का मम्मी?’ सात-आठ वर्षांचं पोर ज्याच्यासोबत आलं त्याचंच नाव घेतं, कारण परत त्याच्याच गाडीवरून जायचं असतं. ते खोटं बोलत नाही; जगायचं कसं हे त्याला कळलेलं असतं. म्हणून उत्तरापेक्षा दिनक्रम विचारणारा समुपदेशक मला जास्त भरवशाचा वाटतो. सकाळी वेणी कोण घालतं, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, अभ्यासाची वही शेवटी कुणी पाहिली.

दोन्ही पालकांची माया मिळणं हा मुलाचा हक्क, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये म्हटलं आणि भेट होत नसेल तिथं व्हिडिओ कॉलचा मार्ग सांगितला. मान्य. पण ज्या घरात मारहाण होती तिथं ‘भेट’ हा शब्द मवाळ ठरतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं एकविसावं कलम सांगतं, भेटीनं मुलाच्या हिताला अपाय होईल असं न्यायदंडाधिकाऱ्यांना वाटलं तर भेट नाकारलीच पाहिजे. ते वापरताना हात आखडता घेऊ नये, असं माझं मत.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र कोर्टाच्या तारखांनी होतं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागलं. अपिलासाठी सांगलीहून मुंबई गाठण्याऐवजी तास-दीड तासात कोल्हापूर. साताऱ्याचीही वाट निम्म्यावर आली. खालच्या कोर्टात तारखेची वाट पाहण्याचं काय, हा प्रश्न वेगळा.

समजा, आई साताऱ्याला माहेरी, बाप सांगलीत. अंतरिम आदेश आला: दर दुसऱ्या रविवारी दहा ते पाच, भेट कराड बसस्थानकावर. दोघांना मधलं पडतं. सकाळी सातारा-कराड: 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, पोराचं अर्धं, दोन अर्ध्यांचं एक. दप्तर पाठवायचं की नाही, खोकल्याचं औषध कुणी द्यायचं, पोरगं दुपारी झोपतं हे कुणी सांगायचं, यातलं आदेशात काहीच नाही. पाच वाजता साताऱ्याची गाडी फलाटाला लागते. पोरगं बापानं घेतलेली नवी बॅट घेऊन येतं आणि चढता चढता विचारतं, ही घरी न्यायची का इथंच ठेवायची.