शिक्षकाचें संशोधन

५२ मधून ३८ वजा करतांना पुष्कळ मुलें २६ असें उत्तर लिहितात. हीं मुलें मंदबुद्धि आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. प्रत्येक स्थानीं मोठ्या अंकांतून लहान अंक तीं वजा करतात, इतकेंच. वह्या एकत्र तपासून ही चूक हेरावी, काड्यांची जुडी सोडून हातचा दाखवावा, पंधरवड्यानें पुन्हा तशींच उदाहरणें घालून फरक टिपावा, यास कृतिसंशोधन म्हणतात. हें नांव कुर्ट लेविन यांच्या १९४६ सालच्या निबंधांत येतें. स्टीफन कोरी यांनीं १९५३ सालीं त्यावर शाळांसाठीं ग्रंथ लिहिला. फरक न पडल्यास मुलास बोल न लावितां उपाय बदलावा. पालकांनींही चुकलेलें उत्तर खोडण्यापूर्वीं तें कसें काढिलें हें मुलास विचारून आम्हांस कळवावें.