*“यंदा झेंडू दादरला चांगल्या दराने विकू” ही इच्छा झाली, ध्येय कुठे आहे?* 🌼



दसऱ्याच्या झेंडूचं नियोजन करायची वेळ आली आहे. आजचा संदेश नेहमीपेक्षा मोठा आहे, पण सवडीने पूर्ण वाचा. शेवटी पाच ओळी भरून पाठवायच्या आहेत.

*गेल्या वर्षी काय झालं?*

सभेत ठरलं होतं, “यंदा सगळ्यांनी मिळून दसऱ्याला झेंडू दादरला पाठवायचा आणि चांगला दर घ्यायचा.” सगळ्यांनी हात वर केले. पुढे ज्याने त्याने आपल्या सवडीने लागवड केली. काहींचा माल गणपतीतच संपला, काहींच्या कळ्या दसऱ्यानंतर उमलल्या. गाडी कोण सांगणार हे ठरलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितली असेल. शेवटी धावपळ करून गाडी मिळाली, ती दादरला पोचली दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता. तोवर बाजार फुलांनी भरून गेला होता. पावसात तोडून पोत्यात दाबलेली फुलं काळी पडली होती. गाडीभाडं वजा जाता हातात काही उरलं नाही.

यात चूक कंपनीच्या कार्यालयाची, म्हणजे आमचीच. कष्ट कमी पडले नाहीत, ठरवण्यात खोट होती. म्हणून ठरवावं कसं, ते आज बघू.

*‘स्मार्ट’ म्हणजे नेमकं काय?*

प्रशिक्षणात ‘स्मार्ट ध्येय’ हा शब्द बऱ्याच जणांनी ऐकला असेल. आधी एक घोटाळा दूर करू. शासनाचा जागतिक बँकेच्या मदतीचा ‘स्मार्ट’ प्रकल्प, म्हणजे बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प, तो वेगळा. आपण बोलतोय ती ध्येय लिहिण्याची पद्धत. अमेरिकेतले व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरान यांनी १९८१ साली एका व्यवस्थापन मासिकात ती मांडली. एस, एम, ए, आर, टी ही पाच अक्षरं म्हणजे पाच प्रश्न:

*१) एस – स्पेसिफिक:* नेमकं काय करायचं?
*२) एम – मेझरेबल:* झालं की नाही, हे कशावरून मोजायचं?
*३) ए – असाइनेबल:* कोण करणार?
*४) आर – रिअलिस्टिक:* आहे त्या पाण्यात, पैशात, माणसांत होण्यासारखं आहे का?
*५) टी – टाइम-रिलेटेड:* कधीपर्यंत?

*तिसऱ्या अक्षराकडे लक्ष द्या.* आजकाल बहुतेक प्रशिक्षणांत ‘ए’ म्हणजे ‘अचिव्हेबल’, साध्य होण्यासारखं, असं शिकवतात. पण ते तर ‘आर’मध्ये आलंच. डोरान यांच्या मूळ लेखात ‘ए’ म्हणजे काम *कोणाच्या नावावर* हे होतं. ते अक्षर बदललं आणि माणसाचं नावच गळालं. आपली गेल्या वर्षीची गाडी तिथेच अडकली. सगळ्यांचं काम ते कोणाचंच नाही!

*आता हेच झेंडूला लावू*

*एस:* “झेंडू विकू” एवढं पुरत नाही. दादर पश्चिमेला स्टेशनजवळ फूलबाजार आहे. तिथे पहाटेच्या अंधारातच सौदे सुरू होतात. परळ, लालबागचे हारवाले, फूलवाले पहाटे माल उचलतात आणि उजाडायच्या आत आपापल्या नाक्यावर बसतात. खंडेनवमीला दुकानं, कारखाने, गॅरेज इथे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. दसऱ्याला दाराला तोरण आणि गाडीला हार. म्हणजे खरी मागणी नवमीच्या आदल्या दिवसापासून दसऱ्याच्या सकाळपर्यंतच. म्हणून आपलं वाक्य असं: *“नवमीच्या पहाटे ३ वाजता आपली गाडी दादरला उभी असेल.”*

*एम:* किती माल? १२ सभासद, प्रत्येकी २० गुंठे, म्हणजे ६ एकर. भर बहरात एका तोड्याला एकरी साधारण ४०० किलो धरले तर एका गाडीचा सुमारे अडीच टन माल होतो. इथे *दर* हे आपलं मोजमाप ठेवू नका. दर बाजार ठरवतो, तो आपल्या हातात नाही. आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: किती किलो, किती वाजता, आणि फूल कोरडं की ओलं. तेवढंच मोजू.

*ए:* रोपं, तोडणी, क्रेट, गाडी, दादरच्या व्यापाऱ्याशी बोलणं अशी पाच कामं आहेत. प्रत्येक कामापुढे *एकच* नाव. दोन नावं लिहिली तर दोघेही एकमेकांची वाट बघतात. त्याखाली एक बदली नाव ठेवा, ऐनवेळी कोणी आजारी पडलं तर.

*आर:* ज्यांच्याकडे पाण्याचा निचरा होत नाही त्यांनी या गटात येऊ नये. परतीच्या पावसात पाणी साचलेल्या रानात झेंडू टिकत नाही. नाही म्हणण्यात कमीपणा नाही. आज नाही म्हटलेलं परवडतं, नवमीला म्हटलेलं नाही.

*टी:* तारीख दसऱ्यापासून *उलटी* मोजा:
• रोप लागवडीला तयार व्हायला २० ते २५ दिवस
• लागवडीपासून पहिला तोडा साधारण ५५ ते ६० दिवसांनी
• पहिल्या तोड्याला फूल कमी असतं, बहर पुढच्या तोड्यांना येतो
• शेंडा खुडला तर फुटवे वाढतात, पण फूल काही दिवस लांबतं
म्हणजे लागवड दसऱ्याच्या ६५ ते ७० दिवस आधी, आणि बी ट्रेमध्ये सुमारे ९० ते ९५ दिवस आधी. वाण आणि हवामानाप्रमाणे थोडं पुढे-मागे होईल. म्हणून सहा जणांनी आधी आणि सहा जणांनी आठवड्याने लागवड करावी. एक तुकडी चुकली तरी दुसरी सापडते.

*तोडणीची एक सूचना:* पाऊस किंवा दव असेल तर फूल सुकल्यावरच तोडा. ओली झाली असतील तर सावलीत पसरून वारं लागू द्या. पोत्यात दाबू नका, जाळीच्या क्रेटमध्ये सैल भरा. मुंबईत मोठ्या गाड्यांना ठरावीक वेळी प्रवेशबंदी असते. गाडीवाल्याकडून त्या वेळा आधीच पक्क्या करून घ्या.

*बोलताना ‘ग्रो’ वापरा*

कागदावर ‘स्मार्ट’ चालतं, पण माणसाशी बोलताना दुसरी पद्धत उपयोगी पडते. तिचं नाव ‘ग्रो’. जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे ती जगभर पोचली. गटप्रमुखाने सल्ला द्यायच्या आधी चार प्रश्न विचारायचे. असे:

– काकी, यंदा दसऱ्याला काय करायचं मनात आहे? *(ध्येय)*
– वीस गुंठे झेंडू लावीन म्हणते.
– आज परिस्थिती काय आहे? *(वास्तव)*
– विहिरीला पाणी आहे रे, पण तोडणीला माणूस मिळत नाही.
– मग काय काय करता येईल? *(पर्याय)*
– शेजारणीशी सावड करता येईल. नाहीतर दहाच गुंठे लावीन.
– यातलं नक्की काय करणार आणि कधी? *(निर्धार)*
– सावडीचं आज संध्याकाळीच बोलते. तिने नाही म्हटलं तर दहा गुंठे.

बघा, उत्तर काकींनीच काढलं. म्हणून ते त्या पाळतीलही. पर्यायांचा प्रश्न कंपनीलाही लागू आहे. सगळा माल दादरलाच का? गिरगावाला लागून भुलेश्वरची फूलगल्ली आहे, लालबाग-परळच्या सोसायट्यांत आपल्या गावची माणसं आहेत. यंदा गाडी दादरलाच जाईल, पण थोडे क्रेट सोसायट्यांसाठी ठेवून बघू.

*एक सावधगिरी:* सगळंच अंकात मावत नाही. प्रत्येक ध्येयाला आकडा हवाच असं डोरान यांचंही म्हणणं नव्हतं. “एकमेकांचा माल कमी लेखायचा नाही” हे मोजता येत नाही, पण गट त्यावरच टिकतो.

✅ *या पाच ओळी भरून रविवारपर्यंत कार्यालयाच्या नंबरवर पाठवा:*
१. मी ___ गुंठे झेंडू लावणार.
२. दसऱ्याच्या गाडीला किमान ___ किलो, कोरडं फूल देणार.
३. माझ्या शेतावर जबाबदार माणूस: ___ (एकच नाव)
४. मला अडचण आहे ती: ___
५. माझी लागवड पहिल्या / दुसऱ्या तुकडीत.

गाडीच्या कामापुढे यंदा कार्यालयातल्याच एका माणसाचं नाव असेल. सगळ्यांची उत्तरं आल्यावर ते नाव आणि पूर्ण यादी ग्रुपवर टाकू. ज्यांना टाइप करायला जमत नाही त्यांनी बोलून व्हॉइस मेसेज पाठवला तरी चालेल.

– आपली कंपनी, कार्यालय