वांग्याचा रंग कोणता?

“मामा, माझ्या रंगीत पेन्सिली मी छोटीला देऊन टाकल्या,” घरात पाऊल टाकताच भाच्यानं जाहीर केलं. हा पठ्ठ्या सहावीत आहे आणि एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसायचं असं जूनपासून घोकत होता.

“का रे बाबा?”

“मला रंग जमत नाहीत. चित्र जमतं. रंगवलं की बिघडतं.”

खरं सांगा दोस्तांनो, हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांनी म्हटलंय? साध्या पेन्सिलीनं चित्र झकास उतरतं, वर्गात बाई मान डोलावतात, मग रंगांची डबी उघडते आणि अर्ध्या तासानं वाटायला लागतं, आधीचंच बरं होतं!

मी चित्र मागितलं. वांगं काढलं होतं. आकार छान, देठाचा बाकही अचूक. पण अंगावर जांभळी पेन्सिल इतकी दाबून घासली होती की कागदाच्या मागून बोट फिरवलं तर उंचवटे लागत होते. भोवती जाड काळी किनार, आणि खाली सावली म्हणून काळा कुळकुळीत डाग. वांगं डबक्यात पडल्यासारखं दिसत होतं.

“वांग्याचा रंग कोणता?” मी विचारलं.

“जांभळा.”

“बघून सांगतोयस की पाठ आहे म्हणून?”

तो जरा घुटमळला आणि स्वयंपाकघरात गेला. “भरल्या वांग्यांसाठी आणलीत हो, मोजून आठ आहेत,” असा आजीचा आवाज आला. तरी एक वांगं बाहेर आलंच. ते आम्ही खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसलो. पेन्सिलीला हात लावायचा नाही, अशी अट होती.

पहिल्या मिनिटात त्याला जांभळाच दिसला. मग म्हणाला, “मामा, इथे तर पांढरं आहे.” वांग्याच्या पोटावर खिडकीचा लहानसा चौकोन चमकत होता. त्या चमकेच्या कडेला आकाशासारखी निळसर झाक होती. खिडकीच्या दुसऱ्या बाजूला रंग इतका गडद की काळाच वाटावा. आणि गंमत म्हणजे अगदी खालच्या कडेला तो पुन्हा थोडा उजळला होता, कारण खालच्या पांढऱ्या कागदावरून उजेड उसळून वांग्याला लागत होता. देठाजवळ, हिरव्या टोपीखाली, फिकट गुलाबी पट्टा होता. पाच मिनिटांत एका ‘जांभळ्या’ वांग्यात सहा रंग निघाले.

आता पेन्सिलीबद्दल थोडं, कारण तिचा स्वभाव कळला नाही तर ती दगा देते. साध्या पेन्सिलीतलं शिसं म्हणजे खरं तर ग्रॅफाइट आणि चिकणमाती. हे दोन्ही मिसळून भट्टीत भाजायची युक्ती निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसानं १७९५ साली काढली. रंगीत पेन्सिलीच्या कांडीत ग्रॅफाइट नसतं. तिच्यात रंगाची पूड, मेण किंवा तेल, खडूसारखी पांढरी भुकटी आणि हे सगळं धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ असतो. ती भट्टीत भाजत नाहीत, म्हणून मऊ असते. पेन्सिल जमिनीवर पडली की बाहेरून लाकूड धड दिसतं, आत मात्र कांडीचे तुकडे झालेले असतात. मग शार्पनरमध्ये फिरवाल तितकं टोक गळून पडतं, आणि आपण शार्पनरला दोष देतो!

मेणामुळे आणखी दोन गोष्टी होतात. एक, रंग थोडा पारदर्शक राहतो. खालचा थर वरच्या थरातून दिसतो. दुसरी, मेण कागदाच्या खाचांमध्ये बसतं. कागद आपल्याला सपाट वाटतो, पण त्याला बारीक बारीक दाणे असतात. हलक्या हातानं रंगवलं तर रंग दाण्यांच्या माथ्यावर बसतो आणि खाचा पुढच्या थरासाठी मोकळ्या राहतात. पहिल्या झटक्यातच दाबून घासलं की खाचा मेणानं भरून जातात. मग वर कितीही रंग घासा, पेन्सिल नुसती घसरते. माझ्या भाच्याचं वांगं इथेच फसलं होतं. त्याला रंग जमत नव्हते असं नाहीच. त्यानं पहिल्याच थरात सगळी जागा संपवली होती.

म्हणून कागद निवडताना अगदी गुळगुळीत, चकचकीत कागद नको. चित्रकलेच्या वहीचा किंवा कार्ट्रिज कागद चांगला. पेन्सिली बाराच पुरेत. चाळीस रंगांची डबी वाढदिवसाला मिळाली तर घ्या बापडे, पण तिच्यासाठी हट्ट धरू नका. बारा रंग एकमेकांवर चढवून जे मिळतं, ते चाळीसच्या डबीतही नसतं.

चित्राला हात घालण्याआधी मी त्याला एका रद्दी कागदावर जांभळ्या रंगाची पट्टी काढायला लावली. एका टोकाला जेमतेम दिसेल असा रंग, दुसऱ्या टोकाला गडद. मध्ये कुठेही पायरी दिसता कामा नये. पेन्सिल टोकापासून लांब धरली की हात आपोआप हलका पडतो. हे वाचायला सोपं वाटतं. करून बघा! त्याला सहा पट्ट्या काढाव्या लागल्या, आणि चौथीच्या वेळी तो माझ्यावर रुसलासुद्धा.

मग वांगं. बाह्यरेषा साध्या पेन्सिलीनं फिकट काढली आणि खोडरबरानं आणखी फिकट केली. ग्रॅफाइट एकदा मेणाखाली अडकलं की निघत नाही आणि रंग मळकट दिसतो. पिवळ्या लिंबाच्या चित्रात तर हे फारच जाणवतं. चमकेचा चौकोन आखून तो कोरा सोडला. रंगीत पेन्सिलीच्या कामात सगळ्यात उजळ पांढरा रंग कागदाचाच असतो. तो एकदा झाकला की पूर्वीसारखा परत मिळवणं कठीण, म्हणून तो आधीपासून जपायचा.

पहिला थर गुलाबी, सगळीकडे, फुंकर मारल्यासारखा. त्यावर जांभळा, वांग्याच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या बारीक रेघांनी. या रेघा आडव्या सरळ मारल्या की वांगं सपाट होतं. वळणानं मारल्या की फुगतं. मग खिडकीच्या विरुद्ध बाजूला गडद निळा, पुन्हा जांभळा, आणि अगदी अंधाऱ्या जागी निळ्यावर थोडा तपकिरी. त्यानं सवयीनं काळी पेन्सिल उचलली होती. मी म्हटलं, आधी गडद निळा आणि तपकिरी एकमेकांवर चढवून बघ. तयार झालेला रंग काळ्याच्या जवळचा होता, पण मेलेला नव्हता. काळी पेन्सिल वाईट असं नाही. पण वांग्याच्या अंगावर ती एकटी आली की भोक पडल्यासारखं दिसतं.

सावलीचंही तसंच. वांगं जिथे कागदाला टेकतं तिथे सावली सगळ्यात गडद, लांब जाईल तशी फिकट. तिच्यात निळा होता, तपकिरी होता, आणि वांग्याजवळ थोडा जांभळासुद्धा.

पहिल्या दिवशी तीनच थर झाले. “एवढंच?” तो म्हणाला. एवढंच. हात दुखायला लागला की दाब वाढतो, म्हणून थांबायचं. रंगवताना तळहाताखाली कोरा कागद ठेवायचा, नाहीतर आपणच आपलं चित्र पुसत जातो. चूक झाली तर खोडरबर घासू नका, मेण पसरतं. त्याऐवजी खोडरबर हळूच टेकवून टेकवून उचला. थोडा रंग निघतो, सगळा मात्र नाही. आणि खूप थर झाल्यावर काही दिवसांनी चित्रावर पांढुरकी साय आल्यासारखी वाटली तर घाबरू नका. ते मेण वर आलेलं असतं. मऊ फडक्यानं अलगद पुसलं की जातं.

दुसऱ्या संध्याकाळी देठाची टोपी. इथे मी त्याला माझी लाडकी युक्ती दाखवली. शाई संपलेली रिफिल घ्यायची आणि कोऱ्या कागदावर दाबून रेघा ओढायच्या. दिसत काहीच नाही, पण कागदात बारीक चर पडतात. वरून पेन्सिल आडवी धरून रंग फिरवला की चर कोरे राहतात आणि पांढऱ्या रेघा उमटतात! देठावरचे काटे असेच काढले. मांजरीच्या मिशा, पानाच्या शिरा, पावसाच्या सरी, सगळं यानं जमतं. रिफिल खरंच रिकामी आहे ना, एवढं मात्र आधी तपासा. आम्ही तपासलं नव्हतं. एका काट्याच्या जागी निळा ठिपका आहे.

आता जरा आई-बाबांशी. मी चौथीत असताना घोड्याचं चित्र काढलं होतं. पाय काही केल्या जमेनात. घरातल्या एका मोठ्या माणसानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि “अस्सं काढायचं,” म्हणून चारही पाय काढून दिले. चित्र भिंतीवर लागलं, पाहुण्यांनी वाहवा केली. मला ते बघवत नसे. नंतर कितीतरी वर्षं मी घोडा काढलाच नाही. तेव्हा दाखवायचंच असेल तर दुसऱ्या कागदावर दाखवा. त्याच्या कागदावरची वाकडी रेघ त्याची आहे.

आणि ‘रंगीत पेन्सिल म्हणजे लहान मुलांचा खेळ, मोठे चित्रकार ब्रश वापरतात’ असं कुणी म्हणालं तर त्यांना डेव्हिड हॉकनी या इंग्लिश चित्रकाराचं नाव सांगा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं आपली मैत्रीण सीलिया बर्टवेल हिची कितीतरी व्यक्तिचित्रं रंगीत पेन्सिलींनीच काढली.

तिसऱ्या दिवशी वांग्याची तकाकी गेली होती आणि टोपी सुकून कडा वळल्या होत्या. “आता बघून कसं काढू?” भाचा हिरमुसला. पण चित्रातलं वांगं ताजंच होतं. शेवटचा थर त्यानं आठवणीतून दिला आणि या वेळी दाब द्यायला परवानगी होती, कारण पुढे थर चढवायचाच नव्हता. उजळ भागावर पांढरी पेन्सिल जोर देऊन फिरवली तसे खालचे रंग एकमेकांत मिसळून गुळगुळीत झाले.

चित्र उत्तम झालं का? देठ फर्मास. गोलाई आली. सावलीची एक बाजू अजून मळकी आहे, आणि तो निळा ठिपका आहेच. भाच्यानं चित्र लांब धरून बघितलं आणि काहीच बोलला नाही. मग छोटीकडे गेला.

“माझ्या पेन्सिली दे.”

“दिलेली वस्तू परत मागतात का?” छोटीनं फणकाऱ्यानं विचारलं.

बरीच घासाघीस झाली. शेवटी सौदा ठरला: पेन्सिली दोघांच्या, आणि दादानं तिला रिफिलची युक्ती शिकवायची. जांभळी पेन्सिल छोटीनं तोवर बोटाच्या पेराएवढी करून ठेवली होती. तिला कागदाची सुरळी लावून लांब करण्यात त्यांची संध्याकाळ गेली. आजीनं आपलं आठवं वांगं परत मागितलं तेव्हा ते सुकलेलं निघालं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिनं टोपलीवर फडकं टाकून ठेवलं. तरीसुद्धा खिडकीत एक टोमॅटो आलाच.

“मामा,” भाचा म्हणाला, “टोमॅटोच्या अंधाऱ्या बाजूला हिरवा दिसतोय. मला भास होतोय का?”

“लाल रंगावर थोडा हिरवा चढवून बघ,” मी म्हटलं. “रद्दी कागदावर आधी.”