येणे बाकी, पडताळणी चालू

मिरजेच्या आत्याकडे हिशेबाची वही आहे. डाव्या पानावर देणे, उजव्या पानावर येणे. गेल्या श्रावणात उजव्या पानावर एक ओळ चढली : 'टॅब परत केला. २३,४९० रुपये.' तिला वाचायला सोपं जावं म्हणून मी पुण्याहून तो टॅब मागवला होता. पडद्यावर मधोमध हिरवी रेघ निघाली. चौथ्या दिवशी पिकअपवाला येऊन टॅब घेऊन गेला आणि 'वस्तू मिळाली' असा संदेशही आला. त्यानंतर ॲपवर एकच ओळ दिसत राहिली : आपला परतावा पडताळणीत आहे.

एक आठवडा झाला, दोन झाले. ग्राहक सेवेत दर वेळी नवा माणूस फोन उचलायचा आणि २४ ते ४८ तास थांबायला सांगायचा. सोळाव्या दिवशी मात्र एकाने खरं सांगितलं : तुमचा व्यवहार संशयास्पद म्हणून अडवला आहे. हे मी आत्याला सांगायला नको होतं. ती चौतीस वर्षं शिक्षिका होती. फोनवर जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अगं, म्हणजे त्यांना मी चोर वाटले का?"

पैसे आज ना उद्या येतात, पण हा प्रश्न मनातून जात नाही. म्हणून ही तपासणी नेमकी काय असते आणि तिला मर्यादा कुठली, ते नीट समजून घ्यावंसं वाटलं.

दुकानदारांच्या भीतीला कारण आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. ऑक्टोबर २०१७मध्ये दिल्ली पोलिसांनी एका २१ वर्षांच्या तरुणाला पकडलं. त्याने एका मोठ्या संकेतस्थळावरून १६६ महागडे मोबाइल मागवले होते आणि प्रत्येक वेळी 'खोका रिकामा निघाला' म्हणून पैसे परत घेतले होते. रक्कम पन्नास लाखांच्या घरात गेली. शंभरावर सिमकार्डं आणि कितीतरी वेगवेगळी खाती वापरून हा उद्योग चालला होता. लग्नात एकदा नेसून परत पाठवलेली साडी, नव्या फोनच्या खोक्यात घालून दिलेला जुना फोन, मिळालेलं पार्सल मिळालंच नाही असा दावा, हे प्रकार ऑनलाइन विक्रीच्या धंद्यातल्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

त्यामुळे तपास आता यंत्र करतं. पाठवताना खोक्याचं वजन किती होतं आणि परत आल्यावर किती भरलं, फोनचा आयएमईआय किंवा टॅबचा अनुक्रमांक तोच आहे का, या खात्यावरून गेल्या काही महिन्यांत किती वस्तू परत गेल्या, त्याच मोबाइलवरून आणखी किती खाती चालतात, कार्ड कोणाचं, पत्ता कोणाचा, असं बरंच काही पाहिलं जातं. यातल्या काही गोष्टी जुळल्या नाहीत की नोंदीवर संशयाची खूण पडते. पुढे ती नोंद एखाद्या माणसाच्या टेबलावर जाते. सणासुदीच्या सेलनंतर परत आलेल्या मालाचे ढीग लागलेले असतात, तेव्हा तिचा नंबर कधी लागेल हे कोणीच सांगू शकत नाही.

आता आपल्या घरांतल्या खरेदीची रीत बघा. खातं पुण्यातल्या भाचीचं, कार्ड तिच्या नवऱ्याचं, पत्ता मिरजेतल्या आत्याचा, ओटीपी भाचीच्या फोनवर. परत न्यायला माणूस आला तेव्हा आत्या भजनाला गेलेली, म्हणून खोका शेजारच्या काकूंनी दिला. मुलगा न्यू जर्सीत आणि आईबाबा सांगलीत असले की हीच गोष्ट दोन देशांत पसरते. आपल्याकडे याला काळजी घेणं म्हणतात. यंत्राला मात्र एका व्यवहारात चार माणसं आणि दोन-तीन गावं दिसतात, आणि ठग जे करतो त्याच्याशी ते हुबेहूब जुळतं. हे कळल्यावर माझा राग थोडा निवळला आणि आत्याच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. तिच्यावर कोणी संशय घेतला नव्हता. आपल्या घरांची ओळख नसलेल्या एका हिशेबात ती सापडली होती.

पण हिशेब चुकत असेल तर तो तपासून दुरुस्त करायची जबाबदारी हिशेब मांडणाऱ्याची. इथेच कायदा येतो, आणि बहुतेकांना तो अर्धवट माहीत असतो.

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो की रिफंडला उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. नियम खरा आहे. २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकातला आहे. पण तो फसलेल्या व्यवहारांसाठी आहे : खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचलेच नाहीत, अशा वेळी बँकेने ठरावीक दिवसांत ते परत केले नाहीत तर. दुकानदाराने वस्तू परत घेऊन पैसे स्वतःकडे अडवले, तर तिथे हा नियम लागू होत नाही. त्या संदेशाच्या भरवशावर बँकेत भांडायला गेलेली माणसं हात हलवत परततात.

आपल्या कामाचा नियम ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये आहे. सदोष माल परत घेऊन बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत पैसे परत न करणं, ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. हिरव्या रेघेचा टॅब सदोष मालात मोडतो. रंग आवडला नाही म्हणून परत केलेली वस्तू त्यात येत नाही, तिथे कंपनीचं स्वतःचं परतावा धोरणच आधाराला घ्यावं लागतं. म्हणून परत करताना ॲपमध्ये कारण निवडायचा रकाना येतो तो घाईघाईत भरू नका. माल खराब निघाला असेल तर तसंच निवडा आणि फोटो जोडा.

जुलै २०२०मध्ये आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी आणखी एक हक्क दिला आहे. अशा प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा. ग्राहक सेवेचा फोन आणि हा अधिकारी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोनवरच्या बोलण्याचा कागद आपल्या हाती राहत नाही. अधिकाऱ्याला ईमेल गेला की त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. सोळा दिवस मी फोन करत बसले, ही माझी चूक.

ईमेल लहान असावा. ऑर्डर क्रमांक, वस्तू नेली ती तारीख, रक्कम, पिकअपच्या संदेशाची प्रत, खराब भागाचा फोटो. खाली दोन प्रश्न : पडताळणी कोणत्या कारणासाठी चालू आहे, आणि ती कोणत्या तारखेला संपेल? शक्य झालं तर घरातल्या त्या गुंत्याचा खुलासाही एका वाक्यात करावा. मी लिहिलं की खातं माझं आहे, कार्ड पतीचं आहे आणि वस्तू आत्यासाठी घेतली होती. ओळखपत्र मागितलं तर आधारचे शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्यावी आणि ती कशासाठी दिली ते तिच्यावर लिहावं.

'रिफंड दिला' असं कंपनी म्हणते आणि खात्यात काहीच दिसत नाही, ही पुढची पायरी. पैसा दुकानातून पेमेंट कंपनीकडे, तिथून बँकेकडे आणि बँकेतून आपल्या खात्यात येतो. तो कुठे आहे हे क्रमांकावरून कळतं. कार्डाच्या परताव्याला २३ अंकी एआरएन असतो, यूपीआयला १२ अंकी आरआरएन. कंपनीने हा क्रमांक दिला तर तो घेऊन बँकेकडे जा, बँक शोधू शकते. क्रमांक देत नसतील तर बहुधा पैसा अजून दुकानातच आहे.

या काळात आपल्याकडून काही चुका सहज होतात. कार्डावर हप्ते बांधले असतील तर वस्तू परत गेली तरी रिफंड जमा होईपर्यंत हप्ता येतच राहतो. रागाने तो भरला नाही तर दंड आणि व्याज आपल्याच माथी बसतं. 'लगेच हवे असतील तर वॉलेटमध्ये घ्या' असं सुचवलं जातं, तेही घाईत स्वीकारू नये. पेमेंट कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२०मध्ये ठरवून दिलं आहे की ग्राहकाने वेगळं काही मान्य केलं नसेल तर पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जायला हवेत. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला कंपनीला असाच आदेश दिला होता : परतावा कूपनमध्ये हवा की बँक खात्यात, हे निवडण्याची सोय ग्राहकाला द्या.

सगळ्यात मोठा धोका मात्र बाहेरून येतो. वैतागलेला माणूस कंपनीचा नंबर गूगलवर शोधतो आणि ठगाच्या हाती लागतो. 'रिफंड विभागातून बोलतोय, हे ॲप उतरवून घ्या, पिन टाका.' पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. असं काही घडलं तर क्षणभरही न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावं. तेवीस हजारांच्या रिफंडपायी लाखो रुपये घालवलेल्या माणसांच्या बातम्या मी वाचल्या आहेत आणि प्रत्येक वेळी मला आत्याचा चेहरा दिसतो.

महिना उलटूनही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. १९१५ वर सकाळी ८ ते रात्री ८ मराठीतून बोलता येतं. ती हुकूम देऊ शकत नाही, पण कंपनीकडे तक्रार नेते आणि पुष्कळदा तेवढ्याने गाडं हलतं. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दुकानदाराला गेलेले पैसे बँकेमार्फत परत फिरवणं, मागता येतो. त्याची मुदत साधारण १२० दिवसांची असते, म्हणून 'थोडं थांबा' ऐकत चार महिने घालवू नका. मात्र रिफंड यायच्या बेतात असताना चार्जबॅक टाकला तर पैसे दोनदा जमा होऊ शकतात, आणि मग संशयाला खरंच जागा मिळते. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. सतराव्या दिवशी ईमेल केला, दुसऱ्या दिवशी पोच आली आणि बाविसाव्या दिवशी पैसे जमा झाले. आत्याने उजव्या पानावरच्या त्या ओळीपुढे तारीख घातली. ओळ मात्र तिने खोडली नाही. कशामुळे अडवलं होतं, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. तिच्या सांगण्यावरून मी त्या अधिकाऱ्याला दुसरं पत्र पाठवलं आहे. त्यात पैशांचा उल्लेख नाही, तेवढं कारण विचारलं आहे. पोच आली आहे.