जठरातला चिवट बिऱ्हाडकरू

अल्सर झाला की घरात पहिला ठपका येतो तो तिखटावर आणि काळजीवर. डॉक्टरही बराच काळ तेच मानत. १९८२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी रुग्णांच्या जठरातला एक पीळदार जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला : हेलिकोबॅक्टर पायलोरी. अल्सरमागे हा जिवाणू आहे, हे फारसं कुणाला पटेना, तेव्हा १९८४मध्ये मार्शल स्वतःच ते जिवाणू प्यायले. काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

हा जिवाणू युरियापासून अमोनिया बनवून भोवतालचं आम्ल सौम्य करतो आणि जठराच्या चिकट संरक्षक थरात तळ ठोकतो. थर दुबळा झाला की आम्ल अस्तराला जखम करतं. दुसरं मोठं कारण आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. त्या हा थर राखणारी द्रव्यंच कमी करतात. म्हणून सांधेदुखीची गोळी परस्पर आणून रोज घेऊ नका.

जिवाणूचा पत्ता श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतून लागतो. प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारं औषध बहुधा १४ दिवस देतात. दुखणं आधीच थांबलं, तरी कोर्स पुरा करा. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा रक्ताची उलटी झाली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.