खपाचा आकडा आणि खेळाचा कस

आमचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर झाले. व्हिडिओ गेम आम्ही पाहिला तो पुतण्याच्या हातात. परंतु खपावरून मालाची पारख करावी काय, हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. फाटकावर एकच चहावाला असला म्हणजे त्याचा चहा खपतोच. तेवढ्याने तो चांगला ठरत नाही.

निंटेंडो कंपनीने २००६ साली 'वी' हे यंत्र काढले. जपानबाहेर बहुतेक ठिकाणी 'वी स्पोर्ट्स' हा खेळ त्याच खोक्यात घालून दिला, आणि त्याचा आकडा ८ कोटींवर गेला. एवढ्या सगळ्यांनी तो निवडून घेतला काय? यंत्र घेतले की खेळ घरात येई. मात्र हात हलवून चेंडू टोलवण्याची गंमत पाहूनच पुष्कळांनी यंत्र घेतले, हेही खोटे नाही. कोणी कोणाला ओढले, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

'मारिओ कार्ट ८' चा दाखला अधिक बोलका आहे. हा शर्यतीचा खेळ २०१४ साली 'वी यू' यंत्रासाठी निघाला. ते यंत्रच मुळी १ कोटी ३५ लाखांच्या आसपास खपले. खेळ ८४ लाखांच्या पुढे फारसा गेला नाही. तोच खेळ थोडी भर घालून २०१७ साली 'स्विच' वर आणला, तर ६ कोटींच्या वर गेला. खेळ काय सातपट चांगला झाला? यंत्र घरोघर पोचले, एवढेच. उलट प्रमाण पाहा: वी यूच्या दर दहा यंत्रांमागे खेळाच्या सहा प्रती, स्विचच्या दहांमागे पाचही नाहीत. गुणाची पावती शोधायचीच तर आम्ही ती या प्रमाणात शोधू. तरीसुद्धा एवढ्या चांगल्या खेळाने वी यू तरले नाही, हे विसरू नये.

आणि वाईट माल? अटारीच्या २६०० यंत्रावर १९८२ साली आलेला 'पॅक-मॅन' लुकलुकत्या भुतांमुळे बदनाम झाला, तरी नावाच्या जोरावर त्या यंत्राचा सर्वांत खपाचा खेळ तोच ठरला. पण त्याच वर्षअखेरच्या 'ई.टी.' चे ढीग उरले. न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरला. २०१४ साली तो उकरून काढला. खेळ लिहिणाऱ्यांची नावे अटारी बहुधा खोक्यावरही देत नसे. १९८३ च्या फेब्रुवारीत कंपनीने कॅलिफोर्नियातील १,७०० कामगारांना कमी करून उत्पादन हाँगकाँग व तैवानला हलवण्याचे जाहीर केले.