पट्टी हलत नाही तेव्हा

प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीच्या चकचकीत पट्ट्या आणि नावाची अक्षरं नवी मिळणं कठीण, म्हणून ती शाबूत निघायला हवीत. आधी ती बसवलीत कशी ते पाहा. काही पट्ट्या नुसत्या क्लिपांवर दाबलेल्या असतात; काहींच्या मागे बोल्ट असतो आणि नट पत्र्याच्या आतल्या बाजूला. तो न काढता बाहेरून स्क्रूड्रायव्हर घातला, की पट्टी वाकलीच. स्टेनलेस स्टीलची पट्टी कसबी कारागीर ठोकून, पॉलिश करून पूर्ववत करतो.

खरी जपणूक क्रोम चढवलेल्या ओतीव अक्षरांची. ती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. हा धातू साधारण ३८० अंश सेल्सिअसला वितळू लागतो, त्यामुळे तिथे गॅसची ज्योत अजिबात नको. जाम नटावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या. मग पाना किंचित घट्ट, किंचित सैल असा हलवत राहा. तरीही नट अडला, तर तो चिरूनच काढा. जोर केल्यास अक्षराचा खुंट मुळातून तुटतो. क्लिपांच्या पट्टीसाठी प्लॅस्टिकची पाचर वापरा आणि शेजारच्या रंगावर आधी मास्किंग टेप लावा.